पिवळ्याखालचा काळा थर

बाबांनी सुनेचं नाव घेतलं ते उतारावर, अख्ख्या क्लबासमोर, आणि तेही त्यांच्या त्या खास आवाजात. कानाने कमी ऐकू यायला लागल्यापासून त्यांचा असा समज झाला होता की बहिरं झालंय ते जग. घरात त्यांनी पाणी मागितलं तर शेजारचेसुद्धा दचकून उठायचे.

"भोक पडलंय!" पिवळी कयाक, वल्ह्याची ती अरुंद होडी, उलटी करून ते तिच्या मागच्या टोकावर बोट आपटत होते. "बसायची जागा भिजली तेव्हाच म्हटलं, काहीतरी घोळ आहे. ओढून ओढून झिजवलीय. रविवारी कोण नेतं ही? आमच्या सूनबाई! उचलायचं जिवावर येतं, मग न्यायची सिमेंटवरून फरफटत."

सून तिथेच उभी होती. लाइफ जॅकेटचा एक हात घातलेला, दुसरा लोंबत. तिच्या शेजारी तिचा नवरा होता. तो बुटाची लेस बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"आम्ही दोघं उचलून नेतो, बाबा. कधीच ओढत नाही."

"मग काय भुतं ओढतात?"

काही जण हसले. काही जण हसले नाहीत, पण रागाच्या भरात माणसाला हसणारेच तेवढे दिसतात.

हा अपमान केवढा होता ते कळायला त्या क्लबाची रीत माहीत हवी. तलावाकाठी एक पत्र्याची शेड, शेडपासून पाण्यापर्यंत सिमेंटचा लांबलचक उतार, आणि एकच कडक नियम: कयाक उचलायची, ओढायची नाही. नियम बाबांचाच. आयुष्यभर त्यांनी तिथे शिकवलं होतं, सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. प्लास्टिकची आहे, तिला काय होतंय, असं नवख्यांना वाटतं. पण पुढच्या मुठीला धरून ओढली की सगळा भार मागच्या टोकावर येतो आणि सिमेंटवर ते टोक साबणाच्या वडीसारखं झिजत जातं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तळतपासणी व्हायची. सगळ्या कयाक लाकडी घोड्यांवर पालथ्या घालायच्या आणि प्रत्येकाने प्रत्येकीच्या तळावरून हात फिरवायचा. जो ओढताना सापडेल त्याने तो हंगामभर दुसऱ्यांच्या कयाक वाहायच्या. बाबांनी या शिक्षेत भल्याभल्यांची भीड ठेवली नव्हती.

आता ती शिक्षा सुनेच्या वाट्याला येणार होती, न केलेल्या कामासाठी. आणि तिच्या नाकावरचा राग तर शेंबडासारखा, पुसला तरी परत हजर.

"कशाला वाढवतेस?" घरी जाताना नवरा म्हणाला.

"मी वाढवते? तू लेस बांध."

ती गाड्यांच्या गॅरेजात कामाला होती. तुटके बंपर जोडायची, त्यामुळे क्लबात तिला बंपरवाली म्हणत. प्लास्टिकचं तिला असं होतं की नुसत्या वासावरून कुठलं ते सांगेल. तिने कयाक गॅरेजच्या गाडीत घालून नेली, पालथी केली आणि मागच्या टोकावर कोणीतरी लावलेली चिकटपट्टी उचकटली. खाली एपॉक्सी गोंदाचं जाड खवलं निघालं, वाळलेल्या खपलीसारखं, नखानेच सुटून आलं. या जातीच्या प्लास्टिकला काहीही चिकटत नाही. ते त्याच्याच जातीच्या प्लास्टिकने, गरम करून, वितळवूनच सांधावं लागतं. म्हणजे कोणीतरी आधीच गुपचूप डागडुजीचा प्रयत्न केला होता. कोणी, हा प्रश्न तिला तेव्हाच पडायला हवा होता.

त्याऐवजी तिने झीज पाहिली. बंपरवरचा ओरखडा बघून गाडीवाला गाडी कशी लावतो ते तिला कळायचं, तसंच हेही. टोक सरळ झिजलेलं नव्हतं. डाव्या अंगाला तिरकं, एकाच बाजूने खरवडलेलं. पुढे एकच माणूस, उजव्या हाताने मूठ धरून, अंग वाकडं करून ओढत नेणारा. तिच्या आणि नवऱ्याच्या उचलण्यातून असं काही होणं शक्यच नव्हतं.

"कोणीतरी चोरून वापरतंय," ती गॅरेजच्या मालकाला म्हणाली. "पकडतेच आता."

तिची युक्ती तिच्याच धंद्यातली होती. भोकाच्या कडा तासून तिने त्याची खाच केली. मग पाण्याच्या काळ्या टाकीचे तुकडे आणले, कारण टाकी आणि कयाक दोन्ही एकाच जातीच्या प्लास्टिकची. त्यांच्या सळ्या कापल्या, गरम हवेच्या बंदुकीने सळई आणि खाच दोन्ही चमकायला लागेपर्यंत तापवली, आणि विझलेल्या मेणबत्तीसारख्या वासात एकेक सळई दाबून बसवली. तो काळा थर खाली. त्याच्यावर पिवळ्या प्लास्टिकचा पातळ थर, घासून गुळगुळीत केलेला. वरून बघणाऱ्याला साधी पिवळी दुरुस्ती. कोणी ओढली की पिवळं जाणार आणि काळं दिसणार.

कयाक परत करताना ती बाबांना म्हणाली, "आता तळतपासणीपर्यंत मी हिला हात लावणार नाही. सगळ्यांसमोर सांगते."

"बघू," बाबा म्हणाले आणि दुरुस्तीवरून अंगठा फिरवला. काम चांगलं झालंय म्हणून शब्द नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांच्या तोंडून स्वतःविषयी एक बरा शब्द ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर ती अजून त्याची वाट बघत होती.

दिवस गेले. बाबा पहाटे उठून, कोणी यायच्या आत तलावावर जात, नेहमीसारखे. ती जात नव्हती. रविवारी घरी बसून दात-ओठ खात भांडी घासायची.

तळतपासणी जवळ आली तेव्हाची एक दुपार. बाबांना कपाटावरची पेटी हवी होती. घरात आपल्याशिवाय कोणी नाही असं त्यांना वाटत होतं. ती मागच्या दाराने आलेली त्यांना ऐकू गेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारातून तिने पाहिलं. त्यांनी डावा हात वर न्यायला सुरुवात केली, तो खांद्याशीच अडला. मग त्यांनी उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरलं, जणू तो दुसऱ्याचा हात आहे, आणि अलगद खाली टेबलावर ठेवून दिला. शेवटी झाडूच्या दांड्याने त्यांनी पेटी पुढे लोटत आणली. पेटी खाली पडली आणि उघडली. ते पसारा न आवरता जमिनीवर बसून राहिले.

तिला सगळं कळलं. तिरकी झीज, एपॉक्सीचं खवलं, पहाटेची घाई. खांद्यावर कयाक घेणं त्यांना आता शक्यच नव्हतं.

इथे ती आत जाऊ शकली असती. पेटी उचलून म्हणू शकली असती, बाबा, डॉक्टरकडे जाऊ या. पण तिच्या आत काय झालं होतं ते लपवण्यात अर्थ नाही: तिला बरं वाटलं. दयेच्याही आधी, पोटात काहीतरी गोड उतरावं तसं बरं वाटलं. ती आल्या पावली मागच्या दाराने बाहेर गेली आणि दोन गल्ल्या उगाच फिरून आली.

तळतपासणीच्या दिवशी शेडसमोर रंगीबेरंगी पालथ्या पाठी ओळीने मांडल्या होत्या. माणसं हात फिरवत, एकमेकांना टोमणे मारत पुढे सरकत होती. क्लबच्या सेक्रेटरीबाई हातात ओलं फडकं घेऊन पुढे होत्या. पिवळ्या कयाकपाशी आल्यावर त्यांनी मागच्या टोकावर फडकं सहज पडल्यासारखं टाकलं आणि म्हणाल्या, "ही ठीक आहे. चला पुढे."

"थांबा," बंपरवाली म्हणाली. "फडकं काढा."

"असू दे ना, अगं."

तिने स्वतःच ते काढलं. पिवळ्यात तळहाताएवढं काळं स्वच्छ दिसत होतं.

मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. काळ्या थराची युक्ती, तिरकी झीज, आपण लावलेला नाही तो हात, सगळं तिने खणखणीत आवाजात सांगितलं, बाबांना नीट ऐकू जावं म्हणून. "मी ओढत नव्हते. मग कोण ओढतं ते कळू दे सगळ्यांना. नियम सगळ्यांना सारखा ना?"

कोणी चकित झालेलं दिसेना, हे तिला खटकलं, पण तिचा जीव जिंकण्यात अडकला होता.

"मी ओढतो, ताई," शेडचा रखवालदार पुढे येऊन म्हणाला. "सकाळी कॅप्टनसाठी काढून ठेवतो मी. एकट्याला उचलत नाही. चुकलं माझं."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या क्षणी तिने तोंड मिटलं असतं तरी सगळं तिथेच निस्तरलं असतं.

"तुम्ही डावरे आहात," ती म्हणाली. "डावरा माणूस ओढेल तर झीज उजव्या अंगाला पडेल. उगाच कोणाचं पाप स्वतःवर घेऊ नका. बाबा, तुम्हीच सांगा ना यांना, कोण ओढतं?"

बाबांचा चेहरा तिला पुढे कित्येकदा आठवला. तो रागावलेला नव्हता. वर्गात उत्तर न आलेल्या पोराचा असतो तसा होता.

"असू दे," ते रखवालदाराला म्हणाले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू आवाजात. "मी ओढतो."

ते टोपी सारखी करून शेडच्या मागच्या वाटेने निघून गेले. त्यांच्या मागे जायला कोणी धजलं नाही. तिचा नवरा तिच्याकडे असा बघत होता की त्यापेक्षा त्याने लेस बांधायला वाकलेलं परवडलं असतं.

माणसं पांगली. तिच्याशी कोणी भांडलं नाही, हीच मोठी शिक्षा. सेक्रेटरीबाई फडकं पिळत राहिल्या. ती रखवालदाराला शोधत उतारावर गेली. तो खाली पाण्याजवळ एक जुना, शेवाळलेला गालिचा गुंडाळत होता.

"हा इथे कशाला?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं. बाबांना वाटायचं, पहाटे ओढली की कोणाला पत्ता लागत नाही. त्यांना स्वतःला तो आवाज ऐकू जात नव्हता. पण प्लास्टिक सिमेंटवरून घासत नेलं की तलावाच्या पलीकडची माणसंसुद्धा जागी होतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो काठी घेऊन धावत बाहेर आला होता, आणि कॅप्टनना पाहून शेडच्या आड लपला होता, जसा काही चोर तोच.

"मग मी सेक्रेटरीबाईंना सांगितलं. त्यांनी घरून हा गालिचा दिला. पहाटे ओला करून टाकून ठेवतो, कयाक कमी झिजते, आवाजही होत नाही. विचारलं तर सांगतो, शेवाळं आहे, पाय घसरतात. ते म्हणतात, बरं केलंस."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"नवे सोडून सगळ्यांना. गेला हंगामभर." गालिचा त्याने खांद्यावर घेतला. "तुमच्यावर आळ आला तेव्हा आम्ही गप्प बसलो, ते चुकलं आमचं, ताई. पण आम्हाला वाटलं, तुम्हाला घरात कळलेलं असणार. वाटलं, तुम्हीही सांभाळूनच घेताय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. तिला ते अक्षरशः वाटलं. परक्यांनी एवढी काळजी घेऊन झाकलेलं तिने घरातली असून उघडं केलं होतं. आणि रागाच्या भरात, न कळत केलं असंही म्हणायची सोय नव्हती. ती दुपार होती ना मध्ये, पेटीची.

"एक करा," रखवालदार म्हणाला. "या गालिच्याचं त्यांना कळू देऊ नका. ओढतात हे कळलं, ते एकवेळ गिळतील. पण रोज आम्ही ऐकत होतो, त्यांच्या पायाखाली अंथरत होतो, हे कळलं तर ते पुन्हा इथे पाय ठेवणार नाहीत."

बाबा तसेही पाय ठेवेनात. पहाटे उठायचे, कपडे करायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. मुलाने एकदा विषय काढला तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. जेवणाच्या ताटाशी सून वाढायला आली की ते मान खाली घालायचे, आणि तीही. शब्दाला शब्द देणारी दोन माणसं आता भाजीच्या वाटीकडे बघत जेवत होती. पाण्यावाचून त्यांचं काय होईल ते तिला दिसत होतं. खुर्चीतला माणूस दिवसागणिक खुर्चीसारखाच होत चालला होता.

तिने कयाक पुन्हा गॅरेजात नेली. काळं-पिवळं सगळं तासून काढलं, नवं सांधलं, आणि मागच्या टोकाला बाहेरून एक जाड पट्टी वितळवून बसवली, झिजली तर ती झिजावी, तळ नाही. तापलेल्या गाडीत पडून तळाला आलेला पोचाही गरम पाणी ओतून काढला. हात कामात होते तोवर बरं वाटायचं. हात थांबले की तो चेहरा समोर यायचा.

एका संध्याकाळी ती त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. "बाबा, माझं चुकलं. मला आधी कळलं होतं. मी घरात बोलायला हवं होतं."

त्यांनी टीव्ही बंद केला. डाव्या हाताची बोटं त्यांनी उजव्या हातात धरली.

"एकच विचारतो. खरं सांग. त्यांना आधीपासून माहीत होतं का? क्लबातल्यांना? तो रखवालदार खोटं का बोलला माझ्यासाठी?"

तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. गालिचा, सेक्रेटरीबाई, सगळ्यांनी जपलेला त्यांचा मान. सांगितलं असतं तर तिचाही भार हलका झाला असता. एवढी माणसं सामील होती म्हटल्यावर तिचा अपराध काही उरला नसता, निदान एकटीचा तरी. पण बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, ओठांवरून शब्द वाचायची त्यांना आता सवय झाली होती. ते कशाला घाबरलेत ते तिला कळलं.

"नाही," ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करून. "कोणालाही माहीत नव्हतं. रखवालदाराला तुमची कीव नाही आली, तुमचा मान आहे म्हणून बोलला तो. ओळखलं ते मी. मी सापळा लावला नसता तर कोणाला कधीच कळलं नसतं."

"म्हणजे तू एकटी."

"हो. मी एकटी."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले. मग त्यांच्या डोळ्यांत हळूहळू राग आला, जुना, ओळखीचा, आणि ते पुन्हा माणसासारखे दिसायला लागले.

"घरातल्याच माणसाने," ते म्हणाले. "उद्या कयाक क्लबात पोचती कर. त्यानंतर तिला हात लावायचा नाही. माझ्याशीही कामापुरतं बोलायचं."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने कयाक उतारावर नेली. बाबा आधीच येऊन उभे होते, टोपी घालून, आणि भोवती सगळा क्लब जमला होता. त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला होता.

"खांदा गेलाय माझा!" त्यांनी जाहीर केलं. "लपवून काय उपयोग? आता एका अंगाला कोणीतरी धरा."

धरायला एवढे हात पुढे आले की कयाक दिसेनाशी झाली. सेक्रेटरीबाईंनी पुढची मूठ धरली, रखवालदाराने मागचं टोक. तीही सवयीने वाकली.

"तू नको," बाबा म्हणाले.

तिने हात मागे घेतले. बाबा नव्या मंडळींना खणखणीत आवाजात सांगत होते, "कोणाला, कोणाला पत्ता नव्हता! सुनेने फोडलं. माझ्याच सुनेने, अख्ख्या क्लबासमोर." सेक्रेटरीबाई थबकल्या, बंपरवालीकडे बघून त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने मान हलवून त्यांना गप्प केलं. कयाक माणसांच्या खांद्यांवरून पाण्याकडे निघाली.

मागे राहिलेली एक नवी सभासद तिच्याजवळ आली. बाबांकडे बघत, आवाज खाली आणून तिने विचारलं, "ती सून कोण हो? इथे येते का अजून?"

"येते," ती म्हणाली. "मीच ती."